निरंकार

पहिली पंगत बसली होती. पंगत म्हणजे काही लग्नकार्यातली नव्हे. मेडशीच्या मारोतरावांच्या घरात रोज सकाळी तीन माणसं भिंतीला पाठ लावून जेवायला बसत, तीच पहिली पंगत. मधे स्वतः मारोतराव, उजव्या हाताला थोरला शिवम, डाव्या हाताला धाकटा मुन्ना. मुन्ना पोलीस भरतीच्या तयारीला लागला होता. पहाटे अकोल्याच्या रस्त्यानं धावून आला की त्याला अशी भूक लागायची, की भाकर तव्यावरून उतरायच्या आधीच त्याचा हात ताटाबाहेर यायचा.

मनकर्णाबाई, म्हणजे मारोतरावांची बायको, उंबरठ्याशी अंबाडीची पानं खुडत बसली होती. तिचा एक डोळा पानांवर आणि एक पंगतीवर. आत चुलीपुढे तिची सून राखी भाकरी थापत होती. राखीला सातवा महिना लागला होता, पण पोट सोडलं तर अंगावर कुठेच सातवा महिना दिसत नव्हता. भाकर थापताना बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत सरकायच्या.

"वहिनी, अजून एक टाक ना," मुन्ना म्हणाला.

"टाकलीच हाय भाऊजी. बसा, उठू नोका."

शिवमनं पाण्याचा घोट घेतला आणि सवयीनं विचारलं, "आन तू? तू जेवशीन ना?"

"मले उपास हाय."

"हाव, सोमवार हाय नाई का आज," शिवम म्हणाला आणि हात धुवायला उठला.

हा सवाल-जवाब त्या घरात नेहमीचा होता. फक्त वाराचं नाव बदलायचं. शिवम वाईट नवरा नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, बायकोला विचारल्याशिवाय जेवण उरकत नव्हता. उत्तर मिळालं की मात्र त्याचं काम संपायचं. विचारलं म्हणजे निभावलं, असं समजणारे नवरे आपल्याकडे चांगल्यातच धरले जातात.

मनकर्णाबाईचा ऊर त्या "उपास हाय" शब्दांनी भरून यायचा. किन्हीराजा गावची ही पोरगी सून होऊन आली तेव्हा तिला धड देवाची वात लावता येत नव्हती. आता आळीतल्या बाया आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. महादेवाच्या देवळात भजनाला बसल्यावर मनकर्णाबाई सहज विषय काढायची, "आमची राखी, सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला, एक सुटत नाई. आन तेबी निरंकार."

निरंकार म्हणजे पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही. बायांचे डोळे विस्फारायचे आणि मनकर्णाबाईला टाळ जरा जोरातच वाजवावा वाटायचा.

राखीचे उपास देवानं सुरू केले नव्हते, दुकानदारानं केले होते. ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

आपल्याकडे घरातली वस्तू संपली असं म्हणत नाहीत, ते अशुभ. तेल संपलं की तेल वाढलं म्हणायचं, पीठ संपलं की पीठ वाढलं. त्यामुळे गेली दोन-तीन वर्षं मारोतरावांच्या घरात मोठीच गंमत चालली होती. बाहेर ओट्यावर बसून ते "भाव वाढले, भाव वाढले" म्हणून सरकारचा उद्धार करायचे आणि आत राखी डबे उघडून सासूला सांगायची, "आत्याबाई, तेल वाढलं. डाळ वाढली." एकूण सगळंच वाढत होतं.

पूर्वी दिवाळीला तेलाचा पिपा यायचा. मग डबा यायला लागला, मग पिशवी, आणि आता पिशवीही कोपरा कापून, उलटी टांगून, शेवटच्या थेंबापर्यंत वापरली जायची. गॅसची शेगडी होती, सिलिंडरही होतं. पण ते भरून आणायला कोणाचा हात धजेना, म्हणून राखीनं त्यावर विणलेला रुमाल घातला होता आणि ती पुन्हा चुलीकडे वळली होती. दुपारी शेतातून येताना ती तुराट्यांचा भारा डोक्यावर आणायची. तूर घरच्या शेतातली, पण निघाली की सगळीच्या सगळी बाजारात जायची, कारण खतवाला थांबत नव्हता आणि मुन्नाचा अकॅडमीवालाही थांबत नव्हता. पुढे वर्षभर आपलीच तूर डाळ होऊन दुकानातून चढ्या भावानं घरी यायची. म्हशीचं दूध डेअरीला जायचं. त्यातला एक पेला मुन्नाचा, कारण त्याला छाती फुगवायची होती. मारोतरावांचा चहा दुधाचा राहिला. बायकांचा कोरा झाला.

राखीच्या मोबाईलचा रिचार्जही असाच वाढला. आधी तिला बोलता येईना, मग तिकडून येणारे फोनही बंद झाले. किन्हीराजा काही विलायतेत नाही. पण पेरणी, निंदण, म्हैस, पोर असं एकेक करत माहेरची वाट लांबत गेली, आणि तिची आई रुखमाबाई तिकडे समजत राहिली की पोरगी संसारात रमली.

काय कमी करायचं यावर ओट्यावर पुष्कळ बोलणं व्हायचं. कोणाचं कमी करायचं हे मात्र चुलीपाशी ठरायचं, तेही न बोलता. मारोतरावांच्या ताटातलं वरण कधी पातळ झालं नाही. ते आधी वाढलं जायचं. मग मुन्ना आणि शिवम, मग नऊ वर्षांची नात वैष्णवी, मग मनकर्णाबाई. भांड्याच्या तळाला जे राहील त्यात पाणी घालून राखी जेवायची. ही त्या घरातली रीत. मनकर्णाबाई स्वतः सून म्हणून आली तेव्हा तिनंही तळाचंच खाल्लं होतं. त्या दिवसांची आठवण तिला अभिमानानं यायची. आपण सोसलं म्हणून घर उभं राहिलं, असं तिला मनापासून वाटायचं, आणि जे आपण सोसलं ते दुसरीनं सोसलं तर त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनाला शिवतही नव्हतं.

उपासाची सुरुवात एका गुरुवारानं झाली. तेव्हा साबुदाण्याची खिचडी व्हायची. वास सुटला की मुन्ना हजर, वैष्णवी हजर, मारोतरावही "आण बरं थोडी चवीपुरती" म्हणत वाटी पुढे करायचे. उपास राखीचा आणि खिचडी घराची. पुढे शेंगदाणे वाढले, साबुदाणा वाढला. राखी भगर करायला लागली. भगरही महागली. तेव्हा एका गुरुवारी ती पदराला हात पुसत म्हणाली, "आत्याबाई, म्या आजपासून निरंकारच धरलं."

मनकर्णाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. त्या दिवशी जर तिनं साबुदाण्याच्या डब्यात डोकावून पाहिलं असतं तर! पण तिला डबा दिसला नाही, देव दिसला.

मग सोमवार आला. मग शनिवार. देवांना काही तोटा नाही, त्यामुळे राखीला वार शोधावा लागला नाही. चतुर्थी, एकादशी वेगळ्याच. चतुर्थीचा उपास चंद्र पाहून सोडायचा असतो. चंद्र उगवायचा वेळेवर, पण सोडायला टोपल्यात काही उरलेलं असेल तर ना. सून उपासाची झाल्यापासून घरातलं पीठ महिनाअखेरीपर्यंत पुरायला लागलं आणि मारोतराव कौतुकानं म्हणाले, "बरकत आली बुवा घरात."

दिवस राहिल्याचं कळल्यावर आरोग्य खात्याची आशाताई, संगीता, घरी आली. गोळ्या दिल्या, वजनाचं विचारलं.

"काकू, जेवते ना हे बराबर?"

"अवो, जेवाचं काय घेऊन बसली. लय श्रद्धेची हाय पोरगी. इतके उपास या आळीत कोनी करत नाई."

संगीताचा स्वतःचाही त्या दिवशी गुरुवार होता. ती हसून म्हणाली, "तुमी नशिबवान हा काकू." आणि राखीला म्हणाली, "गोळी जेवल्यावर घेत जा हं."

राखीनं मान डोलावली. जेवल्यावर घ्यायची गोळी तिनं दोन-चारदा रिकाम्या पोटी घेऊन पाहिली. मळमळून उलटी झाली तेव्हा गोळ्यांची पाकिटं फडताळात ठेवून दिली.

एकदाच, फक्त एकदाच तिनं विचारलं. दुपारची वेळ होती, माणसं शेतात गेली होती. टोपल्यात एक भाकर राहिली होती, ती मनकर्णाबाईची. मनकर्णाबाई ठेचा घेऊन बसली. समोर राखी तांदूळ निवडत होती, पण तिचे डोळे सुपात नव्हते.

"आत्याबाई, आजचा गुरुवार धरला नसता तं चाललं असतं का?"

"आता धरला ना? मंग धरलेला उपास अर्ध्यात सोडत नसतात, पोरी. पोटात लेकरू हाय. त्याले लागते."

राखी जरा थांबून म्हणाली, "त्यालेच तं लागून राह्यली आत्याबाई, भूक."

मनकर्णाबाई हसली. पोरीला बोलता छान येतं, असं तिला वाटलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. राखीही हसली आणि पुन्हा खडे वेचायला लागली. मनकर्णाबाईला काहीच कळलं नव्हतं, असं म्हणणं म्हणजे तिच्यावर मेहेरबानी होईल. शेवटचा घास तिनं सुनेकडे न पाहता खाल्ला. त्यावर ती पाणी प्याली.

सोयाबीनला शेंगा धरल्या होत्या त्या दिवसांतली गोष्ट. शनिवार होता. राखी हापशीवरून पाण्याचा हंडा घेऊन निघाली आणि अंगणाच्या तोंडाशी खाली बसली. पडली नाही, बसली. हंडा आधी नीट टेकवला, आणि मग आडवी झाली. वैष्णवी ओरडत आत आली, "आजी, मम्मी उठून नाई राह्यली!"

शेजारच्या दौलतरावांनी आपली जीप काढली. मनकर्णाबाई मागच्या सीटवर सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्या घरात सून येऊन दहा वर्षं झाली होती, पण तिचं अंग इतक्या जवळून मनकर्णाबाईच्या हाताला पहिल्यांदाच लागत होतं. गळ्याखालची हाडं, खांद्याची हाडं. पदराखाली हे सगळं असं होतं, आणि आपण रोज या बाईच्या हातची भाकर खात होतो! वाटेत राखीचं लुगडं ओलं लागलं म्हणून तिनं हात लावून पाहिला, तर हाताला रक्त लागलं.

"माय व... राखी... डोळे उघड व माय."

राखीनं डोळे उघडले. "हंडा फुटला का?" तिनं विचारलं.

"नाई फुटला."

"वैष्णवीले भाकर द्या. माह्या वाटची झाकून हाय." एवढं बोलून तिनं पुन्हा डोळे मिटले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि त्यांचे हात भराभर चालायला लागले. सुई लावता लावता त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी जेवल्या या?"

शिवम भिंतीला टेकून उभा होता. "आज उपास होता मॅडम. शनिवार हाय ना."

"बरं. काल काय जेवल्या?"

"काल... कालबी उपासच होता. चतुर्थी होती."

"परवा?"

शिवमनं आईकडे पाहिलं.

"गुरुवार होता," मनकर्णाबाई म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला परका वाटला.

डॉक्टरीणबाईंचे हात थांबले. "आणि त्याच्या आदल्या दिवशी? बुधवारी तर कोणता उपास नसतो ना?"

बुधवारी उपास नव्हता. मुन्नाचे दोन मित्र भरतीच्या फॉर्मसाठी आले होते आणि जेवूनच गेले. भांडी घासताना मनकर्णाबाईनं विचारलं होतं, तुझं झालं का, आणि राखी म्हणाली होती, झालं. काय झालं, केव्हा झालं, किती झालं, हे नवऱ्याला माहीत नव्हतं, सासूला माहीत नव्हतं. त्या घरात राखीला जेवताना कोणी पाहिलेलंच नव्हतं.

"माहीत नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी करून पुढे वाशीमला नेलं. रक्त लावलं. दवाखान्यातल्या माणसांनी धावपळीत काही कसर ठेवली नाही. पण अंगात मुळात काही उरलंच नव्हतं, तर बाहेरून आलेल्या रक्ताला टेकायला जागा कुठली? दिवस मावळायच्या आत मूल गेलं. तो मुलगा होता. त्याच्यामागून राखी गेली.

सुतकाचे दिवस होते. घरात बाया येऊन बसत होत्या. रुखमाबाई किन्हीराजाहून आलेली, कोपऱ्यात भिंतीशी, पदर तोंडात धरून. वैष्णवी तिच्या मांडीवर.

"उपासात गेली व माय," आळीतली एक म्हातारी म्हणाली. "शनिवारचा निरंकार, आन त्यातच प्राण गेला. असं मरन पुण्यवानालेच येते."

"सरळ देवापाशी गेली," दुसरी म्हणाली. "किती उपास करे! आमच्या सुनायले म्हना, एक चतुर्थी होत नाई."

रुखमाबाईनं तोंडातला पदर काढला. "कोन उपास करे?"

"तुमची राखी ना वो. सोमवार, गुरुवार, शनिवार..."

"माही राखी?" रुखमाबाईनं एकेकीकडे पाहिलं. तिला वाटलं या दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतात. "माह्या राखीले भूक नोती निघत वो. शाळेतून आली की दप्तर टाकाच्या आंधी टोपल्यात हात. शिवरात्रीले सारं घर उपास धरे, आन हे पोट्टी सकायीच शिळी भाकर घेऊन बसे. तिचा बाप हासे, म्हने, हिच्या वाटचा उपास मी धरतो. ते कायले उपास धरन?"

रुखमाबाईचे डोळे फिरत फिरत मनकर्णाबाईवर येऊन थांबले. त्यांत भांडण नव्हतं. त्यांत फक्त एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला समोरच्या बाईच्या तोंडावर वाचता आलं. ती पुन्हा वैष्णवीच्या केसांवर हात फिरवायला लागली.

मनकर्णाबाई उठून परसात गेली. तुराट्यांचा भारा तिथंच पडला होता. त्याच्या आडोशाला बसून ती रडली, तोंडात पदर कोंबून रडली. लेक गेल्यासारखी रडली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. लेकीच्या वाटची भाकर आपणच खाल्ली हे ज्या आईला कळतं, तिचं रडणं वेगळं असतं. साऱ्या आळीत जिची शेखी मिरवली ती भक्ती नव्हती, ती भूक होती. पोरीनं भुकेला देवाचं नाव दिलं, कारण या घरात देवाच्या नावानं उपाशी राहिलेल्या बाईचं कौतुक व्हायचं. नुसत्या भुकेल्या बाईला मात्र लाज वाटायला लावली असती. आणि ती लाज वाटायला लावणारी दुसरी कोण होती?

दिवस गेले. तूर फुलावर आली. भाव काही खाली आले नाहीत. ते कोणाच्या मरणानं येत नसतात. चूल मनकर्णाबाईकडे आली आणि थापताना तिचा दंड भरून यायला लागला. शिवम बोलेनासा झाला. पहिली पंगत मात्र भिंतीला पाठ लावून तशीच बसत राहिली. आपण कितीही रडलो तरी आपलं अंग जुन्या जागी जाऊन बसतं, तसंच त्यांचं झालं. मनकर्णाबाई वाढत राहिली, तळाचं खात राहिली. आपण उपाशी राहिलो की पाप फिटेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्यानं कोणाचं काय फिटणार होतं देव जाणे.

त्या संध्याकाळी पीठ कमी होतं. दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण होणार होतं, तोवर आजचं भागवायचं होतं. माणसं बसली. मनकर्णाबाईनं ताटं मांडली. वैष्णवी वही मिटून आली, टोपल्यात डोकावली आणि मागे सरली.

"आजी, मले वाढू नोको. मले उपास हाय."

मनकर्णाबाईच्या हातातली पळी थांबली. "आज कायचा व उपास? आज तं मंगयवार हाय."

"कायचाबी," वैष्णवी म्हणाली. "निरंकार."

ती रडत नव्हती, रुसली नव्हती. उद्या शाळेला सुट्टी आहे असं सांगावं, इतक्या सहज तिनं ते सांगितलं. आणि आजोबांच्या ताटाला पाणी ठेवायला तांब्या उचलला.

मनकर्णाबाईनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. पोरीला दंडाला धरून भिंतीपाशी, मारोतराव आणि शिवमच्या मधे, बसवलं. मग तिन्ही पुरुषांच्या ताटांतल्या भाकरी उचलल्या, टोपल्यातली उरलेली घेतली, साऱ्या एका परातीत मोडल्या. पाच जागी सारख्या ठेवल्या. वरणाचं पातेलं ढवळून वरचं खाली, खालचं वर केलं आणि पाच वाट्या भरल्या. पाचवं ताट तिनं स्वतःपुढे ओढलं आणि ती त्याच ओळीत, मुन्नाच्या शेजारी, खाली बसली.

मारोतराव बघतच राहिले. "हे काय चालवलं व?"

"जेवून राह्यली."

"आमच्या संगं?"

"हाव, तुमच्या संगं."

"दिवसभर वावरात राबून येते मानूस, आन त्याच्या ताटातली भाकर उचलून घेते?" त्यांचा आवाज चढला. "बजारातले भाव पाह्यले का तू? कसं चालवून राह्यलो मी घर, मलेच ठाऊक. महागाईनं गेली सून, त्याले मी काय करू?"

मनकर्णाबाईनं उभ्या आयुष्यात नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं.

"महागाई साऱ्या घराले होती ना? मंग मेली एकटीच काहून?"

मारोतरावांनी आपलं ताट पुढे सारलं.

"तुमचं वरन पातय झालं का कधी? माही भाकर कमी झाली का? मुन्नाचा दुधाचा पेला चुकला का? भाव वाढले तं सारे मिळून अर्धपोटी राह्यलो असतो. कोनी मेलं नसतं. आपन एकीलेच उपाशी ठेवलं, आन वरतून तिले देवभोळी म्हनलं. म्या म्हनलं. साऱ्या गावात म्हनत फिरली म्या." तिनं वैष्णवीचं ताट तिच्याजवळ सरकवलं. "आता कमी पडनं तं उपास तुमी धरा. एक दिवस मुन्ना धरन, एक दिवस शिवम, एक दिवस मी. देव तुमालेबी पावते. पन हे पोरगी धरनार नाई. ह्या घरातली पोरगी कोनताच उपास धरनार नाई, आन साऱ्यायच्या मांगून जेवनारबी नाई. पटत नसनं तं चूल तुमची तुमी पाहून घ्या."

मुन्नानं आपल्यापुढचा दुधाचा पेला उचलला आणि पुतणीच्या ताटाशी ठेवला. शिवमच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं. मारोतराव उठतील असं वाटलं, पण ते उठले नाहीत. जेवलेही नाहीत. आपल्या ओळीत बायकोचं ताट त्यांनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं होतं, आणि सारखं वाटलं की एका ताटात किती कमी येतं तेही.

वैष्णवीनं सगळ्यांकडे भीत भीत पाहिलं. मग एक तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा घास तोंडाशी नेता नेता ती थांबली.

"आजी, मम्मी होती तवा असं काहून नाई केलं व?"

मनकर्णाबाईपाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. रीत होती, सासू होती, बाजार होता, देव तर होताच. त्यातलं काहीही पुढे केलं असतं तरी नऊ वर्षांच्या पोरीनं ते खरं मानलं असतं.

"तुह्या मम्मीले आमी उपाशी मारलं, बाई," ती म्हणाली. "तू जेव."